फडाचं पाणी

पांझरा नदी धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यात उगम पावते आणि पुढं तापीला मिळते. या नदीवर, तसंच शेजारच्या बागलाणातल्या मोसम आणि आरम नद्यांवर, जुन्या लोकांनी दगड-चुन्याचे बंधारे बांधून ठेवले. एका बंधाऱ्याच्या खाली पाट, पाटाला चाऱ्या आणि चाऱ्यांखाली फड. ही फड पद्धत तीन-चारशे वर्षांची आहे, असं जाणकार सांगतात. पिंपळनेरजवळच्या सामोड्याचा फड पाहायला तर लांबलांबून अभ्यासक येत. माझं गाव याच नदीच्या काठचं. पुढारीपण म्हणजे काय, हे मी पहिल्यांदा शिकलो ते फडात. तिथं भाषण कुणीच करत नव्हतं.

ज्यांनी फड पाहिला नाही, त्यांच्यासाठी थोडं सांगतो. बंधाऱ्याखालच्या भिजणाऱ्या जमिनीचे तीन-चार मोठे भाग पाडायचे. एक भाग म्हणजे एक फड. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. यंदा या फडात ऊस, तर त्या फडात गहू-हरभरा; पुढच्या वर्षी अदलाबदल. एखादा फड कोरडवाहू राहायचा, त्यामुळं जमिनीलाही विसावा मिळायचा. खरी गंमत पुढं आहे. बहुतेक शेतकऱ्यांचा एकेक तुकडा प्रत्येक फडात असायचा. नदीला पाणी कमी असलं की पंच ठरवायचे, यंदा अमुक फड भिजणार नाही. मग तो सगळ्यांचाच भिजायचा नाही. एकाचं शेत हिरवं नि दुसऱ्याचं वाळलेलं, अशी वेळ सहसा येत नसे. टंचाईसुद्धा वाटून घेतली जायची.

पाणी द्यायचं काम पाटकऱ्याचं. शेतकऱ्यानं स्वतः दारं धरायची नाहीत, चारी फोडायची नाही. पाटकऱ्याच्या जोडीला रात्री राखण करणारा जागल्या. यांना सरकारी पगार नव्हता. खळ्यावर धान्य मिळायचं. पाऊस संपला की घरटी एक माणूस पाटातला गाळ काढायला यायचा. जो येणार नाही, त्याला दंड.

आमच्या पाटकऱ्याची स्वतःची जमीन जेमतेम दीड बिघा. आम्ही पोरं त्याला बाबा म्हणायचो. खांद्यावर फावडं, धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेलं. पंचवीस-तीस बिघे बागायतवाला सावकार बांधावर उभा राहून हाका मारायचा, पण बाबाची पाळी काही चुकायची नाही. तो आवाज चढवत नसे. एवढंच म्हणायचा, "आप्पा, पानी ना तुनं ना मनं, फडनं शे."

मी सातवीत असतानाची गोष्ट. त्या वर्षी माघातच नदी आटत आली. उसाच्या फडाला पंधरा दिवसांनी पाणी मिळत होतं. एका रात्री जागल्यानं चारी फोडलेली पाहिली. पाणी ज्या शेतात वळवलं होतं ते माझ्या थोरल्या काकांचं, आणि काका फडाचे पंच. जागल्या गरीब माणूस, गावकुसाबाहेर राहणारा. त्यानं गप्प बसायचं ठरवलं असतं तर त्याला कुणी दोष दिला नसता. पण सकाळी तो बाबाकडं गेला, आणि दोघं मिळून पाराखाली आले.

काकांच्या गड्यानं चारी फोडली होती. काका म्हणाले असते, "मला माहीत नव्हतं," तर ते खरंही होतं. पण त्यांनी विचारलं ते एवढंच, "दंड कितला शे?" ठरलेला दंड भरला. वर एक पाळी सोडली. त्यांच्या उसाचा कडेचा पट्टा वाळला. काकू महिनाभर धुसफुसत होती, कारण त्या उसावर मुलीच्या लग्नाचा हिशोब होता. लग्न एक वर्ष लांबलं. हे घरात आम्ही सगळ्यांनी सोसलं. काकांना मी एकदा विचारलंही, "नाना, गड्याची चूक, तुम्ही का भरलं?" ते म्हणाले, "मी नाही भरलं तर उद्या जागल्या कोणाकडं येईल?"

या प्रश्नाचा अर्थ कळायला मला बरीच वर्षं लागली. गावातला सगळ्यात दुबळा माणूस सगळ्यात मोठ्या माणसाची चोरी सांगायला पाराखाली येऊ शकतो, एवढ्यावरच फड टिकून होता. ती वाट बंद झाली असती तर बंधारा कितीही पक्का असून उपयोग नव्हता.

फडाचं सगळंच गोड होतं असं मी म्हणणार नाही. ज्याला जमीन नाही त्याला पाण्यात वाटा नव्हता. स्वतः जागल्यालाही नव्हता. बाया दिवसभर फडात राबायच्या, पण पाराखालच्या बैठकीत त्यांना कुणी विचारत नसे. पुढं 1972च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. तिथं पाण्याचा वाटा जमिनीवर नाही, तर घरातल्या माणसांवर ठरवला, आणि भूमिहीनांनाही दिला. ते वाचलं तेव्हा मला आमचा जागल्या आठवला.

नंतर आमच्याकडं विहिरी वाढल्या, विजेच्या मोटारी आल्या. ज्याच्या विहिरीला पाणी तो पंचांचं कशाला ऐकेल? गाळ काढायला माणसं कमी यायला लागली. बाबा थकला, त्याच्या पोरानं फावडं घेतलं नाही, तो सुरतेला गेला. 2005 साली महाराष्ट्रात पाणी वापर संस्थांचा कायदा झाला, त्यात शेतकऱ्यांनीच पाणी वाटून घ्यावं असं आहे. आमच्या भागातल्या म्हाताऱ्यांना त्यात नवं काही वाटलं नाही.

मी पुढं मास्तर झालो, हेडमास्तर झालो. एका उन्हाळ्यात आमच्या शाळेच्या गावात टँकर सुरू झाला आणि रांगेचं काम माझ्याकडं आलं. पहिल्याच दिवशी भांडी आपटली, शिव्या झाल्या. दुसऱ्या दिवशी मी पाळ्यांची यादी शाळेच्या भिंतीवर लावली. माझं घर सगळ्यात शेवटी लिहिलं आणि सरपंचांनाही शेवटच्या पाचांत यायची विनंती केली. ते हसले, पण आले. यादी राखायचं काम मी वस्तीच्या टोकाला राहणाऱ्या एका विधवा बाईंकडं दिलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी सरपंचांच्या पुतण्याला रांगेतून मागं पाठवलं, आणि तो मुकाट्यानं मागं गेला.