दोन स्वारांत एक तट्टू

आमच्या हिंगोलीत रिसाला बाजार आहे, पण रिसाला नाही. तोफखाना आहे, पण तोफ नाही. पलटण नावाचा भागही आहे. तिथं पावसाळ्यात मी फक्त डासांची पलटण कवायत करताना पाहिली आहे. बदली होऊन आलेला नवा माणूस पत्ते विचारत गावात फिरला, तर त्याला वाटावं, इथं लढाई चालू आहे आणि आपल्याला कुणी कळवलंच नाही.

वास्तविक हे सगळं लष्कर १९०३ सालीच गेलं. हिंगोली ही हैदराबाद कंटिन्जंटची छावणी होती. पगार निजामाचा, हुकूम इंग्रजाचा, अशी ती फौज. लष्कर गेलं, नावं राहिली. आणि राहिलं म्हणाल तर रिसाला बाजारातल्या चाचांचं एक तट्टू.

या तट्टाशी माझा संबंध घोडेस्वारीतून आला नाही. मी बँकेत कारकून आहे, वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे, आणि आजवर बसलो असेन तर फक्त खुर्चीवर. संबंध आला कर्जातून. चाचा पूर्वी स्टेशनवर टांगा हाकत. रिक्षा आल्या आणि टांगा बसला. मग त्यांनी वरातीसाठी घोडा ठेवायचं ठरवलं, आणि कर्जाचा अर्ज माझ्या टेबलावर आला. अर्जात जनावरांचा रकाना दुभत्या जनावरांसाठी होता. ‘रोजचे दूध किती लिटर?’ या प्रश्नापाशी आम्ही दोघंही बराच वेळ थांबलो. चाचा म्हणाले, “लिहा साहेब, निरंक.” शेवटी ‘इतर’ या तीन अक्षरी शब्दात तट्टू कसंबसं बसवलं. कर्ज मिळालं, तट्टाचा विमा उतरला, कानात पिवळा बिल्ला लागला, आणि तट्टू बँकेला तारण झालं.

यंदा श्रावणात चाचा काउंटरवर आले. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, नांदेडला ऑपरेशन होतं. बारा दिवस जाणार. चातुर्मास म्हणजे वराती बंद, तेव्हा हीच वेळ बरी. मुलगा सोबत जाणार. प्रश्न तट्टाचा होता.

“तुमच्या वाड्यात जागा हाये साहेब. अन् बँकेचंच तर हाये ते. तुमीच ठेवा.”

या युक्तिवादाला बँकिंगच्या कुठल्याही पुस्तकात उत्तर नाही. मी ‘हो’ म्हणालो. घरी येऊन सांगितलं, तेव्हा सौभाग्यवती एवढंच म्हणाली, “उद्या ट्रॅक्टर तारण घ्याल, तोही आणा.”

आमच्या घरातला धाकटा मात्र नाराज झाला. त्याला मोबाइलवर परदेशातले बुटके घोडे दिसत असत. अमेरिकेत म्हणे अशा घोड्यांची एक संस्था आहे. घोडा ३४ इंचांहून उंच भरला तर ती त्याला बुटका मानत नाही. चाचांचं तट्टू चांगलं ५० इंच भरलं. मी त्याला समजावलं, की खांद्यापाशी ५८ इंचांच्या आत भरेल तो साहेबी भाषेत पोनी, आणि आपल्याकडे ज्याला घोडा म्हणवत नाही ते सगळं तट्टू. विलायतेतलं शेटलंडी तट्टू तर कोळशाच्या खाणीत राबलं. १८४२च्या कायद्यानं बायका आणि लहान मुलं खाणीतून बाहेर काढली, आणि त्यांच्या जागी ही बुटकी जनावरं आत नेली. बुटकेपणा हा सगळीकडे लाडाचाच विषय असतो असं नाही. हे मी स्वतः पाच फूट तीन इंच असल्यामुळे अधिकारानं सांगू शकतो.

मराठी भाषेनं तर तट्टाचा फारच अपमान केला आहे. भाड्याचं तट्टू काय, खोगीरभरती काय! पण ज्या मराठी घोड्यांच्या पराक्रमाचे आपण पोवाडे गातो, ते घोडे चित्रातल्यासारखे उंचेपुरे नव्हते. भीमा नदीच्या थडीवरचे ते भीमथडी घोडे. अंगानं लहान, खुरानं घट्ट, मिळेल तो कडबा खाऊन दिवसभर चालणारे. पेशवाई १८१८ साली संपली आणि त्यांची नोकरी गेली. मग त्यांनी धनगरांच्या वाड्यावर दुसरी नोकरी धरली. पाठीवर भांडीकुंडी, कोंबड्या आणि नुकतीच जन्मलेली कोकरं घेऊन दोनशे वर्षं ते मेंढरांमागून चालताहेत. सरकारदरबारी ही स्वतंत्र जात म्हणून नोंद व्हायला २०२३-२४ साल उजाडलं. दोनशे वर्षांनी कन्फर्मेशन! आमच्याकडे रोजंदारीवर असलेल्या शिपायाला ही हकीकत सांगितली, तर त्याला फार धीर आला.

चाचांनी जाताना तोंडी सूचना दिल्या आणि मी त्या एका जुन्या व्हाउचरच्या पाठीमागे उतरवून घेतल्या. कडबा किती, हरभरा किती आणि किती वेळ भिजवायचा, पाणी दिवसातून किती वेळा, खरारा कधी, खुरातला चिखल कशानं काढायचा, ठाण कोरडं कसं ठेवायचं. जाताजाता म्हणाले, “अन् लाड नका करू साहेब. काम न्हाई त्याला सध्या.” हे शेवटचं वाक्य मी लिहून घेतलं नाही. रकाना संपला होता.

पहिले दोन दिवस मी स्वतःला शिलेदार समजत होतो. शिलेदार म्हणजे स्वतःचा घोडा घेऊन चाकरीला येणारा. सरकारी घोड्यावर बसतो तो बारगीर. या हिशेबानं मी बारगीरसुद्धा नव्हतो, कारण बसण्याची हिंमत झाली नव्हती. पण आमच्या हिंगोलीच्या छावणीतले स्वार शिलेदारी पद्धतीचे होते, आणि त्यांची व्यवस्था वाचली तेव्हा माझ्यातला बी. कॉम. जागा झाला. भरती होताना स्वारानं घोड्याची आणि सरंजामाची रक्कम भरायची. तिला म्हणत असामी. दरमहा पगारातून चंदा कापायचा. कुणाचा घोडा मेला, की त्या चंद्यातून दुसरा घ्यायला मदत व्हायची. विमा कंपनीचा एजंट गावात येण्याआधी रिसाल्यात विमा होता तो असा! आणि दोन स्वारांत मिळून एक तट्टू आणि एक नोकर असे. नोकरानं तट्टू घेऊन गवत कापायला जायचं, भारा लादून आणायचा. म्हणजे घोडे ऐटीत उभे असत, आणि त्यांच्यासाठी गवत आणायला तट्टू. कार्यालयीन जीवनाची ज्याला माहिती आहे, त्याला यातलं सगळं कळेल.

घोडे पोसणं किती महाग असतं हे निजामाला विचारावं. या फौजेचे पगार भागेनात, म्हणून आधी हैदराबादच्या पामर कंपनीकडून जबर व्याजानं पैसा उचलला. पुढं इंग्रजांचंच देणं साठलं. शेवटी १८५३ साली तहावर सही करून वऱ्हाड त्यांच्या हवाली करावं लागलं. आमच्या उत्तरेला कयाधूपलीकडून पैनगंगा ओलांडली की वऱ्हाड लागतं. तो अख्खा प्रांत, कपाशीसकट, फौजेच्या थकबाकीपायी गेला. आमच्या शाखेत एवढं मोठं तारण अजून आलेलं नाही.

मला मात्र तट्टू पोसणं मुळीच महाग वाटत नव्हतं. गरीब जनावर. सकाळी मी दार उघडलं की मान वळवून बघायचं आणि ओठ पुढे करायचं. मी चहाबरोबरच्या पोळीतली अर्धी द्यायचो. फक्त अर्धी.

आठव्या रात्री जेवणानंतर मी इतिहासाचं पुस्तक घेऊन बसलो होतो. त्यात शिवाजी महाराजांचं ते पत्र निघालं. राज्याभिषेकाच्या सुमाराचं आहे. चिपळूणजवळ हलवर्णला पावसाळ्यासाठी पागा ठेवली होती, तिथल्या जुमलेदारांना, हवालदारांना आणि कारकुनांना लिहिलेलं. कारकुनांना! मी ताठ बसलो. महाराज त्यात तलवारीबद्दल चकार शब्द बोलत नाहीत. दाणा आणि गवत यांचा हिशेब सांगतात. जमवलेला चारा पावसाळाभर पुरवायचा आहे. आताच बेहिशेब उधळाल तर भर पावसात काही मिळणार नाही, घोडी मरतील, आणि ती तुम्हीच मारली असं होईल. मग तुम्ही कुणब्याच्या घरात शिराल आणि त्याला तुमच्यापेक्षा मोगल बरे वाटतील. पुढं आगीची ताकीद. कुणी चूल पेटवेल, कुणी तंबाखू ओढेल, कुणी रात्री दिवा जळता ठेवेल आणि उंदीर पेटती वात घेऊन गवतात जाईल. राज्य उभं करणारा माणूस उंदराचा विचार करत होता.

मी पुस्तक टाकून धावलो. कडब्याच्या पेंड्यांशेजारी मी स्वतःच्या हातानं मच्छर-अगरबत्ती लावून ठेवली होती. विझवली. परत येऊन मोठ्या समाधानानं झोपलो. साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या पत्राची अंमलबजावणी हिंगोलीत झाली होती.

पण पत्र दोन भागांत होतं, आणि मी फक्त आगीचा भाग अमलात आणला होता.

साडेअकराला धाकट्यानं उठवलं. तट्टू पुढच्या पायानं जमीन उकरत होतं. मान वळवून पुन्हा पुन्हा स्वतःच्या कुशीकडे बघत होतं. अंगाला घाम. बसायचं, लोळू पाहायचं, उठायचं. मी चाचांना फोन लावणार होतो, तेवढ्यात आठवलं, सकाळीच त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालेलं. मग गुरांच्या डॉक्टरांना लावला. ते म्हणाले, “लोळू देऊ नका, फिरवत राहा, निघालोच. खायला काय दिलं होतं?”

“व्हाउचरप्रमाणे,” मी म्हणालो.

डॉक्टर मोटारसायकलवरून भिजत आले. पोटाला नळी लावून ऐकलं, इंजेक्शन दिलं, नाकातून नळी घालून तेलासारखं औषध आत सोडलं. म्हणाले, घोड्याला ओकता येत नाही. माणूस ओकून मोकळा होतो. घोड्यानं नको ते खाल्लं की ते सगळं लांबलचक आतड्यानंच निस्तरायचं, आणि आतड्याला पीळ पडला तर मग काही हातात राहत नाही. सकाळपर्यंत लीद पडली तर जिंकलं.

मग मी, डोक्यावर पोतं, हातात दोर, तट्टाला वाड्याच्या अंगणात गोल फिरवू लागलो. कंदिलासारख्या पिवळ्या दिव्याखाली त्याच्या कानातला बिल्ला चमकत होता. आणि लाज वाटते सांगायला, पण तिसऱ्या का चौथ्या फेरीला माझ्या डोक्यात दाव्याचा फॉर्म आपोआप भरला जाऊ लागला. बिल्ला क्रमांक. मृत्यूची वेळ. मृत्यूचं कारण. वीस वर्षांची सवय. बिल्ला सादर केला की रक्कम कर्जखात्यात जमा, खातं बंद, बँक मोकळी. मग चाचा नांदेडहून नव्या डोळ्यानं येतील, आणि त्यांना रिकामं ठाण स्वच्छ दिसेल. फॉर्मात त्याला रकाना नव्हता. मी तट्टाच्या मानेवर हात ठेवला. ती थरथरत होती, की माझा हात, कळेना.

त्या फेऱ्या मारतानाच चौकशी झाली. मी म्हणालो, मी रोज फक्त अर्धी पोळी देत होतो. सौभाग्यवती दारातून म्हणाली, “मी दोन. सकाळ-संध्याकाळ.” धाकट्यानं बिस्किटाचा पुडा कबूल केला. थोरली म्हणाली, गूळ, पण थोडासाच. शेजारच्या आजी खिडकीतून म्हणाल्या, “बाई, श्रावणातलं मुकं जनावर. उरलेला भात काय टाकून देऊ?” आणि त्या दिवशी सोमवार सुटल्यावर वाड्यातल्या तीन बिऱ्हाडांनी पुरणाचं पान दिलं होतं, प्रत्येकानं गुपचूप, प्रत्येकानं एकच. मी रात्री दीड वाजता त्या सगळ्याची बेरीज केली. कुठल्याच नोंदीत चूक नव्हती. फक्त एकत्र खातं कुणी ठेवलं नव्हतं. हलवर्णच्या पागेतही असंच झालं असणार. म्हणून तर पत्रात कारकुनांचं नाव वेगळं घातलेलं.

मी आयुष्यात अनेक निकालांची वाट पाहिली. बी. कॉम.ला दोनदा पाहिली. पण पहाटे पावणेपाचला त्या तट्टानं शेपूट उचललं तेव्हा अंगणात जो जल्लोष झाला, तसा माझ्या कुठल्याच निकालाला झाला नव्हता. आजींनी तर लिदीला नमस्कार केला. मग सहा जण खराटे घेऊन धावले. त्या वाड्यात एरवी नळाच्या पाण्यावरून कुणी कुणाशी बोलत नाही.

उरलेले चार दिवस तट्टानं डॉक्टर सांगतील तेवढंच खाल्लं. मी दारावर खडूनं तक्ता आखला. तारीख, कडबा, पाणी, सही. सही दोघांची, बँकेत तिजोरीला दोन किल्ल्या असतात तशी.

बाराव्या दिवशी चाचा आले. डोळ्यांवर काळा चष्मा. त्यांनी काही विचारलं नाही. तट्टाच्या पोटावरून हात फिरवला, चारी खूर उचलून पाहिले, ओठ वर करून हिरड्या पाहिल्या. मग चष्मा किंचित खाली करून दारावरचा तक्ता वाचला. तो आठव्या दिवसाच्या पुढून सुरू होत होता.

“पुरण व्हतं का साहेब?”

मी मान खाली घातली.

“मी बी लहानपनी चारलं व्हतं,” चाचा म्हणाले. “अब्बांच्या घोडीला. लई मार खाल्ला.” आणि दोर हातात घेऊन निघाले. फाटकापाशी तट्टू थांबलं, मान वळवली आणि आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीकडे ओठ पुढे केले. चाचांनी दोराला हिसका दिला. सौभाग्यवतीनं खिडकी लावून घेतली.

तुळशीच्या लग्नानंतरच्या पहिल्या वरातीचं निमंत्रण आम्हाला होतं. नवरदेव कोण हे अजून माहीत नाही. मी आहेर घेऊन गेलो, आणि साऱ्या वाटेवर नवरदेवाऐवजी खालचे खूर बघत वरातीमागून चाललो.