कौल : नळदुर्ग परिसरातील देवप्रश्न आणि प्राचीन चिनी शकुनविद्या

मराठीत ‘कौल’ हा शब्द तीन प्रसंगी योजला जातो. सरकारने रयतेस लिहून दिलेले अभयपत्र म्हणजे कौल. देवाच्या मूर्तीस कळी अथवा सुपारी लावून मागितलेले उत्तर म्हणजे कौल. आणि निवडणुकीत प्रकट होणारा मतदारांचा निर्णय हाही कौलच. शब्द मूळ अरबी असून ‘बोल’, ‘वचन’ हा त्याचा अर्थ आहे. राजसत्तेच्या लेखी वचनास आणि देवाच्या मूक उत्तरास दख्खनच्या लोकांनी एकच नाव द्यावे, ही गोष्ट केवळ योगायोग म्हणून सोडून देण्यासारखी नाही. देवास प्रश्न विचारणारा मनुष्य भविष्य जाणू इच्छीत होता, की कार्यारंभी वचन मागत होता? नळदुर्ग व त्याचा परिसर यांच्या आधारे आणि प्राचीन चीनमधील शकुनविद्येशी तुलना करून या प्रश्नाचा विचार येथे केला आहे.

बोरी नदीच्या काठी वसलेला नळदुर्ग बहमनी सत्तेनंतर आदिलशाहीकडे आला. किल्ल्याच्या दगडी तटबंदीचे काम ज्याच्या कारकिर्दीशी जोडले जाते, त्या पहिल्या अली आदिलशाहाच्या (1558–1580) दरबारात ‘नुजूम-उल-उलूम’ हा ग्रहनक्षत्रे व यंत्रमंत्र यांचे विवेचन करणारा सचित्र ग्रंथ 1570 मध्ये सिद्ध झाला. त्याची हस्तलिखित प्रत आज डब्लिन येथील चेस्टर बीटी ग्रंथालयात आहे. ग्रहयोग पाहून कार्य करावे ही धारणा दरबारातही होती, हे यावरून स्पष्ट होते. रयतेची चिंता मात्र वेगळी होती. विजापूर व अहमदनगर यांच्या सरहद्दीवरील या मुलुखातून सैन्ये जात-येत. गावे ओस पडत. 1630 च्या सुमाराचा भीषण दुष्काळही दख्खनने सोसला. अशा वेळी परागंदा कुणबी परत यावा म्हणून दख्खनमधील राज्यकर्ते कौल देत. पहिल्या वर्षी अल्प धारा आणि पुढे वर्षागणिक वाढ, असा ‘इस्तावा’ त्यात ठरवून दिलेला असे. कौल मिळाला म्हणजे पीक येईलच असे नव्हे. परंतु नांगर धरण्यास तो पुरेसा आधार होता.

देवाच्या कौलाचे स्वरूपही याहून फारसे भिन्न नाही. नळदुर्ग ज्या तालुक्यात मोडतो, त्या तुळजापूर येथे भवानीच्या मंदिराच्या प्राकारात ‘चिंतामणी’ नावाचा वाटोळा दगड आहे. त्यावर हात ठेवून प्रश्न मनात धरावा. दगड उजवीकडे फिरल्यास होकार, डावीकडे फिरल्यास नकार, अशी श्रद्धा आहे. शिवाजी महाराज मोहिमेपूर्वी येथे प्रश्न विचारीत, ही लोकश्रुती आहे. तिला समकालीन पुराव्याचे स्थान देता येणार नाही. परंतु लग्न जमावे की नाही, प्रवासास निघावे की नाही, असे नित्याचे प्रश्न घेऊन येणारा भाविक या दगडाचा खरा प्रश्नकर्ता होय. त्याच तालुक्यातील अणदूर व नळदुर्ग या दोन गावांचा खंडोबा तर याहूनही बोधप्रद आहे. येथे मूर्ती एक व मंदिरे दोन. वर्षातील सुमारे दहा महिने देव अणदुरास व उरलेला काळ नळदुर्गास राहतो, आणि त्याला नेताना दोन्ही गावांचे मानकरी लेखी करार करतात. देवाच्या वास्तव्यालाही जेथे कागदाचा आधार लागतो, तेथे वचन ही कल्पना धर्म आणि व्यवहार या दोहोंत सारखीच मुरलेली आहे, असे म्हणावे लागते.

आता चीनकडे वळू. शांग राजांच्या काळातील, म्हणजे इसवी सनापूर्वी सुमारे बाराशे वर्षांपासूनची, प्रश्न कोरलेली हाडे व कासवांची कवचे 1899 मध्ये विद्वानांच्या लक्षात आली. पुढे 1928 ते 1937 या काळात आन्-यांग येथे पद्धतशीर उत्खनन झाले. हाड तापवून त्यावर उमटलेल्या तड्यांवरून उत्तर ठरवीत. प्रश्न अनेकदा जोडीने कोरलेला आढळतो : एका बाजूस ‘पाऊस पडेल’, दुसऱ्या बाजूस ‘पाऊस पडणार नाही’. पीक, दातदुखी, राणीचे बाळंतपण, स्वारी असे विषय त्यांत येतात. उजवा-डावा कौल आणि ही होकार-नकाराची जोडी यांत विचाराची घडण एकच आहे : मनातील अस्पष्ट भीतीला प्रथम निश्चित वाक्याचे रूप द्यावे लागते.

या विद्येचे कारभारातील स्थान ‘शू-चिंग’ या प्राचीन ग्रंथातील ‘हुंग-फान्’ प्रकरणात सांगितले आहे. मोठा संशय उत्पन्न झाल्यास राजाने पाच ठिकाणी विचारावे : स्वतःचे मन, अमात्य, प्रजा, कासवाचे कवच आणि शकुनाच्या काड्या. कवच व काड्या दोन्ही मानवी मताविरुद्ध गेल्यास स्वस्थ राहावे, असेही तेथे म्हटले आहे. म्हणजे शकुनाचे वजन मोठे आहे. तरीही तो सल्लागारांपैकी एक आहे. मराठी मुलुखातील न्यायपद्धतीत याला समांतर क्रम आढळतो. वतनाच्या तंट्यात गोतसभा प्रथम कागदपत्र, भोगवटा व साक्षी पाहत असे. त्यांनी निर्णय न झाल्यास दिव्याचा मार्ग उरे. याज्ञवल्क्यस्मृतीतही हाच अनुक्रम आहे. मात्र उकळत्या तेलातून रवा काढणाऱ्याचा हात भाजला तर पिढ्यान्‌पिढ्यांचे वतन जाई, हे विसरता येत नाही. तसेच कळी कोणत्या अंगास पडली हे सांगणारा पुजारीही माणूसच असतो. सल्ला आणि सत्ता यांतील सीमा येथे पुसट होते.

‘यी-चिंग’ या ग्रंथात हा सल्ला अधिक सूक्ष्म झाला. पन्नास काड्यांपैकी एक बाजूला ठेवून उरलेल्यांच्या वाटणीतून अखंड वा खंडित अशा सहा रेषा मिळवितात. त्यांच्या चौसष्ट आकृती होतात आणि प्रत्येकीस वचने जोडलेली आहेत. ‘त्सो-च्वान्’ या इतिहासग्रंथात इ.स.पू. 564 च्या वृत्तान्तात लू राज्याच्या मू ज्यांग या राजमातेची कथा येते. नजरकैदेत पडताना तिला अनुकूल आकृती मिळाली व शकुनवेत्त्याने लवकर सुटकेची आशा दिली. तिने ती नाकारली. हे वचन सद्‌गुणी मनुष्यास लागू पडते. दुष्कर्म करणाऱ्या आपणास नव्हे, असे तिचे म्हणणे होते. ती तेथेच मरण पावली. येथे आकृतीने भविष्य सांगितले नाही. विचारणारीस स्वतःच्या आचरणाचा हिशेब मांडावयास लावले.

याच्या उलट उदाहरण नळदुर्गाशी संबंधित एका लेखकाने नोंदविले आहे. 1853 ते 1857 या काळात नळदुर्ग जिल्ह्याचा कारभार पाहणारा फिलिप मेडोज टेलर याच्या, 1877 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात सुरपूरचा राजा वेंकटप्पा नायक याची हकीकत आहे. राजा चोविसाव्या वर्षी मरेल असे त्याच्या जन्मकुंडलीत वर्तविले होते. 1858 च्या बंडानंतर त्याची शिक्षा चार वर्षांच्या कैदेपर्यंत कमी झाली. तरी कैदेत नेला जात असता पिस्तुलाच्या गोळीने तो मृत्यू पावला. ही स्मृती घटनेनंतर लिहिलेली आहे, हे अभ्यासकाने ध्यानी ठेवावे. परंतु भेद स्पष्ट आहे. कुंडलीतील भाकिताला राजाच्या प्रश्नाची वा आचरणाची गरज नव्हती; कौलाला विचारणारा लागतोच.

चीन व नळदुर्ग यांच्यामध्ये उसनवारीचा संबंध या साम्यावरून सिद्ध होत नाही. अरबी ‘रम्ल’, म्हणजे वाळू, या शब्दावरून आलेल्या रमलविद्येतही एक व दोन बिंदूंच्या चार ओळींतून सोळा आकृती होतात. पण रचनेचे साम्य म्हणजे वंशसंबंध नव्हे. सिद्ध होते ते एवढेच की, संशयाच्या वेळी प्रश्न नेमका करणे, उत्तर आपल्याबाहेर शोधणे आणि मग जबाबदारीने पाऊल उचलणे, ही गरज दोन्ही समाजांनी ओळखली होती. म्हणून कौल मागणाऱ्या कुणब्यास केवळ भोळा ठरविणारा इतिहास अपुरा होय. ‘हुंग-फान्’ने राजाच्या पाच सल्लागारांत प्रजेची गणना केली होती, मराठीने ‘कौल’ हा शब्द आज प्रजेच्या मतासही दिला आहे. वचन देणारा बदलला. विचारल्यावाचून पुढे जाऊ नये, हा संकेत मात्र टिकून आहे.