कार्गो

रस्ट या संगणकभाषेचे अधिकृत पॅकेज-व्यवस्थापक साधन. बाहेरच्या डिपेंडन्सी उतरवून घेणे, त्यांच्या आवृत्त्यांचा मेळ घालणे, कंपाइल करणे, चाचण्या चालवणे व क्रेट (रस्टमधील कोडचे पॅकेज) प्रकाशित करणे ही त्याची कामे. रूबी भाषेसाठी बंडलर घडवणारे येहुदा कॅट्झ व त्यांचे सहकारी यांनी कार्गोचा पाया घातला. क्रेट्स.आयओ हे सार्वजनिक भांडार नोव्हेंबर २०१४ मध्ये खुले झाले, रस्ट १.० त्यानंतर, १५ मे २०१५ रोजी आली.

आवृत्तीची निवड : कार्गो.टॉमल या फाइलीत ‘१.२.३’ लिहिले म्हणजे तीच आवृत्ती मिळेल असे नाही. तिच्यापासून पुढची, २.०.० च्या आतली कोणतीही चालते. पहिला अंक शून्य असल्यास मर्यादा आखडते : ‘०.२.३’ ची मजल ०.३.० च्या अलीकडेच संपते. नवखे बहुधा इथेच फसतात. नेमकी आवृत्ती हवी तर आधी बरोबरीचे चिन्ह द्यावे लागते. एकाच क्रेटच्या परस्परसुसंगत मागण्या शक्यतो एका आवृत्तीत एकवटतात. पहिल्या व दुसऱ्या मालिकेच्या आवृत्त्या मात्र एकाच प्रोग्रॅममध्ये शेजारी नांदतात. त्यामुळे दोन लायब्रऱ्यांच्या भांडणात प्रकल्प अडकत नाही, पण एका आवृत्तीतला टाइप दुसरीला परका ठरतो. नाव तेच असूनही कंपायलर तक्रार करतो, तेव्हा ‘कार्गो ट्री’ला डुप्लिकेट्सचा पर्याय जोडून दुहेरी आवृत्त्या हुडकाव्यात.

कार्गो.लॉक : निवडलेल्या नेमक्या आवृत्त्यांची नोंद. लायब्ररीने ती फाइल गिटमध्ये ठेवू नये, हा जुना सल्ला २०२३ मध्ये सैल करण्यात आला, मतभेद आहेत. लायब्ररी वापरणाऱ्याच्या प्रकल्पात तिची लॉक फाइल विचारात घेतली जात नाही, हे मात्र निर्विवाद.

फीचर : क्रेटचे ऐच्छिक भाग. वेगवेगळ्या ठिकाणांहून मागितलेल्या फीचरची सहसा बेरीज होते. म्हणून एखादी सोय काढून घेणारे फीचर लिहिणे ही रचनेतली चूकच मानावी. रस्टच्या २०२१ च्या एडिशनपासून रूढ झालेला दुसरा रिझॉल्व्हर (आवृत्त्या व फीचर ठरवणारा भाग) बिल्डसाठीच्या व प्रोग्रॅममधल्या मागण्या वेगळ्या ठेवतो.

प्रकाशन : प्रसिद्ध झालेली आवृत्ती बदलता येत नाही. सदोष आवृत्ती ‘यांक’ केल्यास नव्या निवडीतून ती वगळली जाते, पण जुन्या लॉक फाइलींना मिळत राहते. क्रेटचे नाव प्रथम येणाऱ्यास मिळते. ही पद्धत वादग्रस्त आहे.

सुरक्षा : बिल्ड.आरएस या क्रेटच्या बिल्ड-स्क्रिप्टमधील कोड कंपाइल होतानाच वापरकर्त्याच्या यंत्रावर चालतो. ‘कार्गो ऑडिट’ हे वेगळे साधन लॉक फाइल रस्टसेकच्या ज्ञात सुरक्षा-त्रुटींच्या यादीशी ताडते.

वर्कस्पेस : अनेक पॅकेजे, एकच लॉक फाइल.