निकाल ठरलेला असतो, मग पाहायचं काय?

एम-५९ वरून पाँटियॅककडे येताना ऑपडाइक रोडच्या बाजूला ॲमेझॉनच्या अवाढव्य इमारती लागतात. तुमच्यापैकी कितीतरी जण कामाला जाता-येता त्या पाहत असतील. त्या जागी पूर्वी सिल्व्हरडोम होता. १९७५ साली उभं राहिलेलं, हवेच्या दाबावर तोललेल्या कापडी छताचं हे स्टेडियम म्हणजे लायन्सचं घर. २९ मार्च १९८७ रोजी तिथे रेसलमेनियाचा तिसरा सोहळा झाला. प्रेक्षकांचा आकडा जाहीर झाला ९३,१७३. कुस्तीवर लिहिणारे पत्रकार डेव्ह मेल्ट्झर यांनी पुढे तो सुमारे ७८ हजारांवर आणला, आणि तो वाद अजून मिटलेला नाही. कोणताही आकडा धरा, आपल्या परिसरात एका छताखाली जमलेल्या मोठ्या गर्दींपैकी ती एक होती.

हा विषय दिवाळी अंकात का, असं तुम्हाला वाटेल. कारण या एका गोष्टीवरून आपल्या बऱ्याच घरांत दोन पिढ्यांचं बोलणं तिथल्या तिथे थांबतं. आई-बाबा म्हणतात, "काय पाहता ते? सगळं खोटं आहे!" मुलं म्हणतात, "माहीत आहे आम्हाला," आणि पुन्हा पडद्याकडे वळतात. दोघांचंही म्हणणं खरं असतं, पण त्यातून पुढे काही निघत नाही.

आई-बाबांची चीड समजण्यासारखी आहे. आपण ज्या मातीतून आलो, तिथे ठरवून केलेल्या कुस्तीला 'नुरा कुस्ती' म्हणतात आणि तो शब्द शिवीसारखाच वापरतात. शाहू महाराजांनी बांधलेल्या कोल्हापूरच्या खासबाग मैदानात हलगी कडाडते, तेव्हा प्रेक्षकाला निकाली कुस्ती हवी असते. पाठ मातीला लागली की संपलं. तिथे कोणी ठरवून पडला, तर ती सरळ फसवणूक.

पण सगळ्याच खेळांना हा न्याय लावून चालेल का? 'संगीत सौभद्र' पाहायला जाणाऱ्याला सुभद्रेचं लग्न अर्जुनाशी होणार की दुर्योधनाशी, याची चिंता नसते. निकाल माहीत असतानाही तो तिकीट काढतो आणि एखादं पद रंगलं की वन्समोअर मागतो. मग अमेरिकन व्यावसायिक कुस्तीचा प्रश्न असा की ती खासबागेच्या बाजूची की नाटकाच्या? याचं उत्तर तिच्या इतिहासात आहे, आणि त्या इतिहासात आपला गामा पैलवानही भेटतो.

१० सप्टेंबर १९१० रोजी लंडनमध्ये गामाची गाठ पोलंडच्या स्टॅनिस्लॉस झबिस्कोशी पडली. गामाचा जोर पाहून झबिस्को मॅटला जो चिकटला, तो अडीच तासांहून अधिक वेळ तसाच पडून राहिला. कुस्ती बरोबरीत सोडवावी लागली. आठवड्याने पुन्हा लढायचं ठरलं, पण झबिस्को आलाच नाही. कुस्ती शंभर टक्के खरी होती, आणि पाहणाऱ्यांसाठी तितकीच कंटाळवाणी. १९२८ साली पतियाळात मात्र गामाने त्याला एका मिनिटाच्या आत चीत केलं. म्हणजे खऱ्या कुस्तीत तिकीट काढणाऱ्याच्या वाट्याला अडीच तासांचा कंटाळा येईल की एका मिनिटाची झटापट, याची खात्री कोणी देऊ शकत नव्हतं.

या अडचणीवर १९२० च्या दशकात अमेरिकेतल्या आयोजकांनी तोडगा काढला. वेळेची मर्यादा घातली, उचलून आपटण्याचे, डोळ्यांत भरणारे डाव वाढवले आणि निकाल आधीच ठरवायला सुरुवात केली. नवलाची गोष्ट म्हणजे इथेही झबिस्को आहेच. एप्रिल १९२५ मध्ये फिलाडेल्फियात त्याने वेन मन याच्याकडून हरायचं, असं ठरलं होतं. मन हा मूळचा फुटबॉलपटू, दिसायला भव्य, पण कुस्तीत कच्चा. झबिस्कोने ठरलेलं सगळं बाजूला ठेवलं आणि त्याची पाठ पुन्हा पुन्हा टेकवून अजिंक्यपद खरोखर हिसकावून घेतलं. यातून धंद्याने धडा घेतला तो असा, की निकाल कागदावर ठरला तरी तो रिंगणातल्या दोघांच्या शब्दावर उभा असतो. तो शब्द कोणीही, कधीही मोडू शकतो.

आता सिल्व्हरडोमकडे परत येऊ. त्या दिवशी बारा लढती झाल्या. त्यांतल्या दोन आजही आठवल्या जातात, आणि दोन्हींची परीक्षा वेगळ्या मापाने करावी लागते.

पहिली रँडी सॅव्हेज आणि रिकी स्टीमबोट यांची. आधीच्या नोव्हेंबरात सॅव्हेजने रिंगजवळच्या घंटेने स्टीमबोटचा गळा जायबंदी केला, अशी कथा रचली होती. सॅव्हेजला काहीही आयत्या वेळेवर सोडणं मान्य नव्हतं. दोघांनी पहिल्या डावापासून शेवटच्या डावापर्यंतचा क्रम लिहून काढून पाठ केला होता. जेमतेम पंधरा मिनिटांच्या या लढतीत पाठ टेकायची आणि तिनाच्या आत सुटायची, असे कितीतरी क्षण येतात. शेवटी घंटा पुन्हा सॅव्हेजच्या हाती येते, आणि स्टीमबोटच्या बाजूचा जॉर्ज 'द ॲनिमल' स्टील त्याला कोपऱ्यावरून खाली लोटतो. मग स्टीमबोट सॅव्हेजला गुंडाळून त्याची पाठ टेकवतो. हा स्टील म्हणजे बोलता न येणारा, रिंगच्या कोपऱ्यांवरच्या गाद्या दातांनी फाडणारा रानटी माणूस. प्रत्यक्षात तो आपल्या शेजारच्या मॅडिसन हाइट्समधल्या हायस्कूलात अनेक वर्षं शिक्षक आणि कोच होता. १९८७ मधली सर्वोत्तम लढत म्हणून जाणकारांनी हीच निवडली. इथे माप कौशल्याचं आहे, बसवलेल्या नाटकाचं असतं तसं.

दुसरी हल्क होगन आणि आंद्रे द जायंट यांची. कौशल्याचं माप लावलं तर ही लढत नापास होते. बाराएक मिनिटांतला बराचसा वेळ आंद्रेने होगनला मिठीत आवळून धरण्यात जातो. आंद्रे जेमतेम पावलं टाकतो, तोल जाऊ नये म्हणून दोर धरतो. जाहिरातही खरी नव्हती. आंद्रे पंधरा वर्षं हरलेला नाही आणि त्याला कधी कोणी उचलून आपटलेलं नाही, असं सांगितलं जात होतं. खुद्द होगननेच १९८० साली न्यूयॉर्कच्या शे स्टेडियमवर त्याला उचलून आपटलं होतं.

मग ही लढत का लक्षात राहिली? त्यासाठी आंद्रेच्या पाठीकडे पाहावं लागतं. फ्रान्समध्ये जन्मलेल्या या माणसाचं शरीर ॲक्रोमेगली या विकारामुळे वाढत गेलं होतं. आदल्याच वर्षी, १९८६ मध्ये, त्याच्या पाठीची शस्त्रक्रिया झाली होती, आणि त्या दिवशी त्याने पोशाखाखाली पट्टा बांधला होता. सुरुवातीलाच होगन त्याला उचलायला जातो, त्याच्या वजनाखाली कोसळतो आणि तिनाच्या मोजणीतून जेमतेम सुटतो. शेवटी तो पुन्हा उचलतो, आणि या वेळी आंद्रे उचलला जातो.

या कलेत उचलला जाणारा माणूस अर्धं काम करतो. एवढ्या वजनाच्या माणसाला त्याच्या मनाविरुद्ध वर घेणं होगनला शक्य नव्हतं. आंद्रे ठरल्याप्रमाणे हरेल की नाही, याची रिंगणात उतरेपर्यंत आपल्याला खात्री नव्हती, असं होगनने नंतर अनेकदा सांगितलं. झबिस्कोसारखा शब्द मोडणं आंद्रेच्या हातात होतं. त्याने तो पाळला. नुकतीच शस्त्रक्रिया झालेली पाठ टेकवून त्याने आपलं नाव दुसऱ्याच्या हवाली केलं. जानेवारी १९९३ मध्ये, वयाच्या ४६ व्या वर्षी, तो पॅरिसमध्ये वारला.

म्हणून "सगळं खोटं आहे" हे वाक्य मला अपुरं वाटतं. निकाल ठरलेला होता, कथा रचलेली होती, जाहिरात फुगवलेली होती. पण वजन खरं होतं, दुखणं खरं होतं, आणि एका माणसाने दुसऱ्यावर टाकलेला विश्वासही खरा होता. 'खोटं' म्हणून हात झटकले की आजारी माणसाच्या शरीराने काय किंमत मोजली, हा प्रश्नही झटकला जातो. टाळ्या वाजवणाऱ्याने तो विचारायला हवा, आणि नाक मुरडणाऱ्यानेही. त्या दिवशी तिकिटांचा धंदा ज्याच्या जिवावर झाला, त्याला धड चालता येत नव्हतं, हे मला पाहताना बोचतं. ते बोचणं हाही परीक्षणाचाच भाग आहे.

पुढच्या वर्षांत धंद्याने स्वतःच कबुली दिली. १९८९ साली न्यू जर्सीच्या सिनेटपुढे त्याच कंपनीने आपला कार्यक्रम स्पर्धा नसून करमणूक असल्याचं सांगितलं, कारण त्यामुळे राज्याच्या क्रीडा-नियमांतून सुटका होणार होती. तेव्हा कोण जिंकलं यावरून भांडण्यात अर्थ उरलेला नाही. पाहण्यासारखं मात्र पुष्कळ आहे.

या दिवाळीच्या सुट्टीत घरात मुलं एखादी लढत लावून बसली, तर पाच मिनिटं आवाज बंद करायला सांगा आणि तुम्हीही बसा. शब्दांशिवाय गोष्ट कळते का? मारणाऱ्यापेक्षा मार घेणाऱ्याकडे पाहा, दोघांना सांभाळण्याचं काम कोण करतंय? गर्दी कधी उभी राहते? आणि या सगळ्याची किंमत कोणाचं शरीर देतंय? मुंबईहून आलेले आजी-आजोबा घरात असतील, तर त्यांना वरळीच्या वल्लभभाई पटेल स्टेडियममधल्या दारासिंग-किंगकाँगच्या कुस्त्यांबद्दल विचारा. मग हेच चार प्रश्न त्यांनाही घाला. उत्तरं ऐकायला मुलांना नक्की आवडेल.