मित्र घरचा माणूस कधी होतो? नेपाळचा मीत, छत्तीसगडचा मितान आणि मेक्सिकोचा कोम्पाद्रे

'मानलेला भाऊ', 'मानलेली बहीण' हे शब्द मराठी घरांत सर्रास ऐकू येतात. राखी बांधली, भाऊबीजेला ओवाळलं की नातं जुळलं. ते पुढे किती निभवायचं, हे मात्र ज्याच्या-त्याच्या मनावर असतं.

काही समाजांत असं नाही. तिथे मित्राला घरचा माणूस करून घेण्याचा रीतसर विधी आहे. त्यानंतर हाक कशी मारायची, कोणाचं सुतक पाळायचं, कोणाशी लग्न करायचं नाही, हेही ठरलेलं असतं. मानववंशशास्त्राचे अभ्यासक याला विधीने जोडलेलं नातं म्हणतात.

नेपाळ: मीत आणि मितिनी

नेपाळमध्ये दोन पुरुष एकमेकांचे 'मीत' होतात, तर दोन स्त्रिया 'मितिनी'. या नात्याला 'मितेरी' म्हणतात. नातेवाइकांसमोर एकमेकांना टिळा लावतात, भेटवस्तूंची देवाणघेवाण होते. त्यानंतर एकमेकांना नावाने हाक मारत नाहीत, 'मीत' असंच म्हणतात. मीताचे वडील 'मीतबा' होतात आणि आई 'मीतआमा'. दोघांची मुलं भावंडं मानली जातात, त्यामुळे त्यांच्यात लग्न होत नाही. मीत वारला तर सुतकही पाळलं जातं.

मितेरी वेगवेगळ्या जाती-जमातींमध्येही जुळते. त्यामागे व्यवहारही होता. डोंगराळ वाटांवरून माल नेणाऱ्या व्यापाऱ्याला परक्या गावात रात्रीचा आसरा आणि भरवशाचा माणूस लागायचा. तिथे मीत असला की दोन्ही सोयी व्हायच्या. नेपाळ-चीन सीमेवरच्या पुलालाही नेपाळीत 'मितेरी पूल' म्हणतात, ते याच शब्दावरून.

पण या नात्याने जात पुसली गेली नाही. कोणाच्या हातचं खायचं, हे ठरवणारे जातीचे नियम नेपाळमध्ये 1854 च्या मुलुकी ऐन या कायद्यातच लिहिलेले होते. मितेरीने जातींमधलं दार उघडलं, भिंत मात्र तशीच राहिली.

छत्तीसगड: मितान, महाप्रसाद, भोजली

महाराष्ट्राला लागून असलेल्या छत्तीसगडमध्ये अशा मित्राला 'मितान' म्हणतात. ज्या वस्तूच्या साक्षीने मैत्री जुळते, तिच्यावरूनही नात्याला नाव पडतं. जगन्नाथपुरीचा प्रसाद एकमेकांना दिला की दोघे 'महाप्रसाद' होतात. गंगेचं पाणी दिलं की 'गंगाजल'.

मुली आणि बायकांमध्ये 'भोजली'ची रीत आहे. श्रावणात टोपलीत धान्य पेरून रोपं उगवतात आणि राखीपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी त्यांचं विसर्जन करतात. त्यातली थोडी रोपं मैत्रिणी एकमेकींच्या कानावर खोवतात. पुढे त्या एकमेकींना 'भोजली' म्हणूनच हाक मारतात.

हा शब्द लोकांच्या इतका जवळचा आहे की दाखले घरपोच देणाऱ्या सरकारी योजनेला 2022 मध्ये 'मुख्यमंत्री मितान योजना' असं नाव देण्यात आलं.

लॅटिन अमेरिका: कोम्पाद्रे आणि कोमाद्रे

मेक्सिकोसह लॅटिन अमेरिकेत हे नातं बाप्तिस्म्यातून जुळतं. बाळासाठी धर्मपिता आणि धर्ममाता निवडतात. गोव्यातल्या कॅथलिक कुटुंबांतही ते असतात. पण लॅटिन अमेरिकेत बाळापेक्षाही मोठ्यांचं आपसातलं नातं जास्त महत्त्वाचं ठरतं. बाळाचे आईवडील आणि धर्मपालक एकमेकांना 'कोम्पाद्रे' (पुरुषाला) आणि 'कोमाद्रे' (स्त्रीला) म्हणतात. या पद्धतीचं नाव 'कोम्पाद्रास्गो'. अडीअडचणीला धावून जाणं हे यात कर्तव्य समजलं जातं.

सिडनी मिन्ट्झ आणि एरिक वुल्फ या अभ्यासकांनी 1950 मध्ये या पद्धतीवर एक गाजलेला लेख लिहिला. कधी हे नातं बरोबरीच्या शेजाऱ्यांमध्ये जुळतं, तर कधी मजूर आपल्या मालकालाच धर्मपिता करतो. मग मजुराला आधार मिळतो आणि मालकाला निष्ठावान माणूस. म्हणजे अशा नात्यात माया असते, तसा दबावही असू शकतो.

विधीमुळे नेमकं काय बदलतं?

तिन्ही ठिकाणी तीन गोष्टी सारख्या आहेत. पहिली, नातं चारचौघांसमोर जुळतं, त्यामुळे ते नाकारता येत नाही. दुसरी, हाक मारण्याची पद्धत बदलते. तिसरी, नातं दोघांपुरतं न राहता दोन घरांचं होतं. मित्र दूर गेला किंवा वारला, तरी घरं जोडलेली राहतात.

भारतीय कायद्यात मित्राचं स्थान काय?

कायदा रक्ताचं, लग्नाचं आणि दत्तक नातं ओळखतो. मानलेल्या नात्याला तिथे आपोआप स्थान नाही. एकटे राहणाऱ्या आणि मित्रांच्याच भरवशावर असणाऱ्यांनी तीन गोष्टी माहीत करून घ्याव्यात.

वारसा: हिंदू वारसा कायदा, 1956 नुसार मृत्युपत्र नसेल तर मित्राला काहीच मिळत नाही. मृत्युपत्र करून स्वतःच्या मालमत्तेचा वाटा मित्राला देता येतो.

अवयवदान: 1994 च्या कायद्यानुसार जवळच्या नातेवाइकांमध्ये सख्खा भाऊ येतो, मानलेला येत नाही. मित्राला जिवंतपणी मूत्रपिंड द्यायचं असेल तर आपुलकीच्या कारणाने देता येतं, पण त्यासाठी प्राधिकार समितीची मंजुरी लागते. पैशांचा व्यवहार झालेला नाही ना, हे ती समिती तपासते.

मानसिक आजार: मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 नुसार कोणतीही प्रौढ व्यक्ती आपला प्रतिनिधी लेखी नेमू शकते. तो नातेवाईक असायलाच हवा अशी अट नाही, मित्रही चालतो.

मीत आणि मितान यांच्या नात्याला गाव साक्षीदार असायचं. शहरात ते काम कागद करतो, पण तो वेळेत करून ठेवावा लागतो.