समुद्र दालनात मांडायचा म्हणजे काय मांडायचं?

देशाच्या वतीने समुद्राचं प्रदर्शन भरवायचं ठरलं, तर दालनात नेमकं काय ठेवायचं? या प्रश्नाचं उत्तर गेल्या दीडशे वर्षांत बदलत गेलं आहे. तो बदल आज पाहू, आणि बोलता बोलता आपल्या मुलुंडला येऊ.

१८८३ साली लंडनमध्ये मोठं आंतरराष्ट्रीय मत्स्यव्यवसाय प्रदर्शन भरलं होतं. त्यात हिंदुस्थानचाही विभाग होता आणि त्याची जबाबदारी फ्रान्सिस डे यांच्याकडे होती. हे मूळचे मद्रासकडचे लष्करी डॉक्टर. ‘द फिशेस ऑफ इंडिया’ हा त्यांचा ग्रंथ अभ्यासकांना आजही लागतो. पण त्या काळचं उत्तर प्रदर्शनाच्या नावातच आहे. मत्स्यव्यवसाय! समुद्र म्हणजे काय, तर त्यातून जे काढता येतं ते.

दुसरं उत्तर आपल्या घरचं आहे. १९५१ साली मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय सुरू झालं. राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद उद्‌घाटनाला आले होते. खर्च सुमारे ८ लाख रुपये, त्यातले २ लाख डी. बी. तारापोरवाला यांच्या देणगीतून आले. उपनगरातल्या किती पिढ्यांनी सुट्टीत लोकल पकडून, चर्नी रोडला उतरून, तिथल्या काचेला नाक लावलं असेल! इथे समुद्र म्हणजे नवल. रंगीत मासे, कासवं. मुंबईच्या गढूळ पाण्यातला बोंबील मात्र काचेत शोभणारा नव्हे. त्याची आपली ओळख बाजारातली आणि ताटातली. २०१५ साली नूतनीकरण होऊन तिथे अ‍ॅक्रिलिकचा बोगदाही आला. गेली काही वर्षं मात्र ते बंद आहे.

दरम्यान जग तिसऱ्या उत्तराकडे वळलं होतं. १९७५ चं ओकिनावाचं आणि १९९८ चं लिस्बनचं, ही दोन्ही जागतिक प्रदर्शनं समुद्रावर होती. ‘समुद्रातून काय मिळतं’ याच्या जोडीला आता ‘समुद्र टिकेल का’ हा प्रश्न आला.

हे तिसरं उत्तर आपल्या अगदी शेजारी आहे. मुलुंडहून ऐरोली पूल ओलांडला, की पलीकडे राज्याच्या कांदळवन कक्षाचं सागरी जैवविविधता केंद्र लागतं. २०१७ साली ते सुरू झालं. मला त्याची एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. तिथलं प्रदर्शन दालनात संपत नाही. माहिती वाचून माणूस बाहेर पडतो, होडीत बसतो आणि खाडीत जाऊन रोहित पक्षी बघतो. होडी कधी सुटणार हे भरती-ओहोटी ठरवते. म्हणजे वेळापत्रकसुद्धा समुद्राचंच! या खाडीला २०१५ साली अभयारण्याचा आणि २०२२ साली रामसर स्थळाचा दर्जा मिळाला.

आता जरा पुलाच्या अलीकडे बघा. त्याच खाडीच्या आपल्या काठावर मुलुंडचं डम्पिंग ग्राउंड. २०१८ साली तिथे कचरा टाकणं बंद झालं, तोवर काही दशकं आपल्या घरातली बादली तिथेच रिकामी होत होती. एका काठावर प्रदर्शन, दुसऱ्या काठावर कचऱ्याचा डोंगर, आणि मधलं पाणी एकच.

गंमत पुढेच आहे. रोहित पक्षी खाडीतल्या चिखलात सूक्ष्म शेवाळ खातात, त्यातूनच त्यांना गुलाबी रंग मिळतो. ते शेवाळ इतकं वाढायला शहराच्या सांडपाण्यातली पोषकद्रव्यंही कारणीभूत असावीत, असं मानलं जातं. म्हणजे ज्या दृश्यासाठी आपण होडीचं तिकीट काढतो, त्यात आपल्या गटाराचाही वाटा असू शकतो. याचा अर्थ सांडपाणी चांगलं असा नव्हे. तेच पाणी प्रमाणाबाहेर गेलं की मासे गुदमरतात, आणि त्याचा फटका आधी कोळीवाड्याला बसतो.

म्हणून उद्या कोणी समुद्राचं राष्ट्रीय दालन रचायला घेतलं, तर माझं एकच सांगणं असेल. देवमासा ठेवा, प्रवाळ ठेवा, कोळ्यांची जाळी ठेवा. पण जाळ्यासोबत ते विणणाऱ्या माणसाचं ज्ञानही ठेवा, आणि एका भिंतीवर शहराच्या नाल्यांचा नकाशा लावा. आपल्या घरातलं पाणी कुठल्या खाडीला मिळतं, हे बघणाऱ्याला बोट ठेवून दाखवता आलं पाहिजे. १८८३ च्या दालनात समुद्र हा माल होता, १९५१ ला तो नवल झाला. आपल्या पिढीच्या दालनात आपण स्वतःही दिसायला हवं.