शॉकअपची गोष्ट: बोरघाटातल्या बग्गीपासून पवनानगरच्या उंच जीपपर्यंत

आपल्या इतिहासाच्या गप्पांमध्ये आज राजा नाही, लढाई नाही, गड मात्र चार आहेत. लोहगड, विसापूर, तुंग आणि तिकोना. या चौघांच्या मधोमध पवना धरणाचं पाणी आणि पाण्याच्या कडेला पवनानगर. शनिवारी सकाळी तिथल्या चौकात उभं राहिलात तर पुणे, पिंपरी-चिंचवड आणि मुंबईहून आलेल्या उंच उंच गाड्या दिसतील. थार, गुरखा, एखादी जुनी एमएम ५४०. यातल्या बऱ्याच गाड्या कंपनीतून निघाल्या तेव्हा एवढ्या उंच नव्हत्या. मालकाने त्या नंतर ‘लिफ्ट’ करून घेतल्यात. आणि लिफ्ट झाली की गॅरेजमध्ये पहिला प्रश्न येतो, आता शॉकअप कुठले टाकायचे?

या प्रश्नाचं उत्तर जाहिरातीत शोधण्यापेक्षा इतिहासात शोधलं तर लवकर सापडतं, असं माझं मत आहे. बघा पटतंय का.

सुरुवात जवळूनच करू. भाज्याच्या लेण्यात एका विहारात चार घोड्यांच्या रथाचं शिल्प आहे. अनेक अभ्यासक त्याला सूर्याचा रथ मानतात. म्हणजे मावळात चाक दोन हजार वर्षांपासून माहीत आहे. पण चाक माहीत असणं वेगळं आणि चाक डोंगरावर चढवणं वेगळं. बोरघाटातून शतकानुशतकं माल गेला तो बैलांच्या आणि माणसांच्या पाठीवर. गव्हर्नर जॉन माल्कमच्या काळात, १८३० साली, घाटात चाकाच्या गाड्यांसाठी नीट रस्ता खुला झाला आणि मग बग्ग्या वर येऊ लागल्या. त्याच्या थोडं आधी, १८०४ मध्ये, इंग्लंडात ओबदाया इलियट नावाच्या माणसाने लंबगोल पाट्याच्या स्प्रिंगचं पेटंट घेतलं होतं. बैलगाडीला स्प्रिंग नसायची, बग्गीला आणि टांग्याला पाटे आले.

पाटा म्हणजे काय, हे गावाकडच्या मंडळींना सांगायला नको. जुन्या पाट्याचा कोयता चांगला होतो, एवढं सगळ्यांना माहीत असतं. एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्या. खड्डा आला की त्या वाकतात, परत सरळ होतात, आणि हे होताना एकमेकींवर घासतात. हे घासणं फार महत्त्वाचं आहे. स्प्रिंग धक्का गिळत नाही, ती तो साठवून ठेवते आणि लगेच परत देते. परत दिलेला धक्का कुणीतरी संपवायला हवा, नाहीतर गाडी नुसती डुलत राहील. पट्ट्यांच्या घासण्याने त्या धक्क्याची थोडी उष्णता होते आणि तो विरतो. घोड्याच्या वेगाला एवढं पुरत होतं.

मोटार आली आणि पुरेनासं झालं. वेग वाढला, गाड्या उड्या मारू लागल्या, चाकं जमीन सोडू लागली. जमीन सोडलेल्या चाकाला ना ब्रेक लागतो ना ते वळतं. म्हणजे शॉकअपचा जन्म आरामासाठी झाला असं आपण समजतो, पण खरं काम चाक जमिनीला चिकटवून ठेवणं हे आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रान्सच्या ट्रुफोने घासणाऱ्या चकत्यांचा शॉकअप केला, अमेरिकेत हार्टफर्डने तो विकला. क्लीव्हलँडच्या क्लॉड फॉस्टरने पट्ट्याचा एक प्रकार काढला. हा फॉस्टर आधी मोटारीचे भोंगे बनवायचा आणि भोंग्याला त्याने तुतारी वाजवणाऱ्या देवदूताचं नाव दिलं होतं, गॅब्रिएल. नाव ओळखीचं वाटतंय ना? तीच ती गॅब्रिएल. भारतातली गॅब्रिएल इंडिया १९६१ साली स्थापन झाली आणि आज तिचा एक कारखाना आपल्या चाकणला आहे. फॉस्टरने पुढे कंपनी विकली आणि आलेली बहुतेक संपत्ती गावातल्या धर्मादाय संस्थांना वाटून टाकली. हे विषयाला सोडून आहे, पण सांगितल्याशिवाय राहवलं नाही.

पुढची पायरी तेलाची. नळीत तेल, तेलात दट्ट्या, दट्ट्याला बारीक भोकं. दट्ट्या हलला की तेलाला त्या भोकांतून जावं लागतं, ते विरोध करतं आणि गरम होतं. हळू हलवलं तर कमी विरोध, जोरात हलवलं तर जास्त. कोरड्या चकत्यांना ही अक्कल नव्हती. १९४१ मध्ये अमेरिकेच्या फौजेसाठी विलीज जीप बनू लागली तेव्हा तिला चारही बाजूंना पाटे आणि एकात एक सरकणाऱ्या नळ्यांचे तेलाचे शॉकअप होते. युद्ध संपलं, आणि स्वातंत्र्याच्या सुमारास महिंद्रांनी मुंबईत माझगावला हीच जीप जोडायला घेतली. आपल्याकडे ‘जीप’ म्हणजे पाट्यावर कडक चालणारी गाडी, ही समजूत तिथून आली आणि पुढची साठेक वर्षं टिकली.

इथे थोडं थांबू, कारण मावळातल्या गॅरेजांचं शहाणपण याच काळात तयार झालं. जीप कशासाठी वापरली जायची? दहा माणसं आत, चार मागे लटकलेली, वर पोती. पाटा बसला की मेकॅनिक काय करायचा? आणखी एक पट्टी वाढवायचा. गाडी उचलली जायची, पण हेतू ओझं पेलायचा होता. अशा गाडीत शॉकअप गेला तरी चालायचं, कारण पाट्यांचं घासणं आणि माणसांचं वजन मिळून डुलणं थांबायचं. म्हणून ‘शॉकअप काय, कुठलाही टाका’ हे वाक्य जन्माला आलं. त्या गाडीसाठी ते अगदीच खोटं नव्हतं. आजच्या थारसाठी ते धोक्याचं आहे.

कारण मधे गाडी बदलली. २०१० ची थार आली तेव्हा मागे पाटे राहिले, पण पुढे टॉर्शन बार आला, म्हणजे पीळ घेणारी पोलादी कांब. २०२० च्या थारमध्ये मागेही कॉइल आली. पुण्याच्या फोर्सच्या गुरखानेही चारही बाजूंना कॉइल घेतली. कॉइल कशावर घासत नाही. तिला स्वतःचा विरोध जवळजवळ नाहीच. सगळं काम शॉकअपवर येऊन पडलं. पाट्याच्या जीपचा शॉकअप हा मदतनीस होता, कॉइलच्या गाडीत तो घरातला कर्ता माणूस झाला.

आता लिफ्टकडे येऊ. समजा तुमच्या शॉकअपला एकूण आठ इंचांची चाल आहे. गाडी सपाटीवर उभी असताना चार इंच वर दबायला आणि चार इंच खाली सुटायला. तुम्ही कॉइलखाली दोन इंचांचा स्पेसर घातला आणि शॉकअप तोच ठेवला. गाडी वर गेली, चाक जागेवरच, म्हणून शॉकअप दोन इंच आधीच ताणला गेला. आता खाली सुटायला उरले दोनच इंच. राजमाचीच्या वाटेवर एक चाक ओघळीत उतरलं की शॉकअप खाडकन संपतो. त्याच्या टोकाला अख्ख्या ॲक्सलचं वजन लटकतं. हे काम त्याचं नाही. आधी सील जातं, मग बुश, मग कधीतरी खालची कडीच उखडते. चाक मात्र हवेत.

मग उलटं करू, सगळ्यात लांब शॉकअप आणू? तेही फसवं. लांब शॉकअपची मिटलेली लांबीही जास्त असते. चाक जोरात वर आलं आणि रबरी बंपस्टॉपच्या आधी शॉकअपच पूर्ण मिटला, तर दांडा वाकतो किंवा माऊंट फुटतं. म्हणून लिफ्ट किती इंचांची हे सांगून दुकानातून शॉकअप आणू नका. गाडी गॅरेजमध्ये घोडीवर नीट बसवून, चाकाला अडण लावून, शॉकअप सोडा. चाक पूर्ण लटकलेलं असताना आणि बंपस्टॉपला टेकलेलं असताना दोन्ही माऊंटमधलं अंतर टेपने मोजा. शॉकअपची उघडी लांबी पहिल्या मापापेक्षा थोडी जास्त हवी आणि मिटलेली लांबी दुसऱ्यापेक्षा थोडी कमी. दुसरं जमत नसेल तर बंपस्टॉप खाली घ्या. चाक लटकलं असताना ब्रेकची नळी ताणली जातेय का तेही तेव्हाच बघा, हे बघायचं सगळे विसरतात.

जुन्या २०१० च्या थारवाल्यांची एक खास युक्ती आहे. पुढचा टॉर्शन बार बोल्टने आवळायचा, गाडीचं नाक फुकटात वर. पण यात काहीच मिळवलेलं नसतं. चाकाची खाली जायची चाल तुम्ही उभ्या उंचीला देऊन टाकली, एवढंच. वर बॉल जॉइंट आणि ॲक्सलचे सांधे कायम तिरके. थोडं आवळणं ठीक, फार आवळणं म्हणजे उसनवारी.

दुसरा मुद्दा नळीच्या आतला. तेल फार वेगाने घुसळलं गेलं की त्यात हवा मिसळून फेस येतो आणि शॉकअप मऊ पडतो. फ्रेंच इंजिनिअर द कार्बोन याने यावर उपाय काढला. एकाच नळीत तेल, त्याच्या मागे सरकता पडदा आणि पडद्यामागे दाबाखालचा नायट्रोजन. बिलस्टाइनने तो हक्क घेतला आणि १९५७ मध्ये मर्सिडीजच्या गाड्यांना असे शॉकअप लागले. यालाच मोनोट्यूब म्हणतात. वाळवंटात तासन्‌तास ऐंशीच्या वेगाने उड्या मारत जाणाऱ्यांसाठी ते वरदान आहे, आणि बाहेर वेगळी टाकी असलेले महागडे शॉकअप त्याच जातीचे.

पण आपण मावळात आहोत! दुधिवरे खिंडीतून पवनानगरला उतरा किंवा लोणावळ्याहून राजमाचीला जा. मोठे दगड, चिखल, ओघळी, पहिला गिअर. इथे तेल उकळायच्या आधी तुमची कंबर बोलायला लागते. इथे किंमत आहे ती लांब चालीला आणि हळू हालचालीत गाडीला डुलू न देणाऱ्या विरोधाला. शिवाय मोनोट्यूबच्या नळीला दगडाने पोचा पाडला की दट्ट्या अडकतो, दुहेरी नळीचा शॉकअप बाहेरचा पोचा बऱ्यापैकी सोसतो. त्यामुळे माझं स्पष्ट मत, वीकेंडला किल्ल्यांच्या पायथ्याशी फिरणाऱ्यासाठी योग्य लांबीचा, चांगल्या कंपनीचा, गॅस भरलेला दुहेरी नळीचा शॉकअप पुरे. टाकीवाला घ्यायचा तर हौस म्हणून घ्या, गरज म्हणून नको.

मोठे टायर घातले असतील तर मात्र एक गोष्ट बदलते. चाकाचं वजन वाढतं, कडक कॉइल त्याला जास्त जोराने ढकलते, म्हणून शॉकअपचा सुटतानाचा विरोध वाढवावा लागतो. तो कमी पडला तर गाडी बोटीसारखी हेलकावते, आणि उंच झालेली गाडी तिकोना पेठेकडच्या वळणावर हेलकावणं ही गंमत नाही. टायरमधली रुंदी तीच, उंची वाढलेली, वर कॅरिअरवर तंबू आणि गॅसची टाकी. गाड्या अशाच पलटतात.

कायद्याचंही बोलायला हवं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत मूळ रचनेपेक्षा वेगळा बदल करायला अटकाव करतं. जानेवारी २०१९ मध्ये, केरळमधून आलेल्या एका प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयानेही कंपनीच्या तपशिलाविरुद्ध बदल चालणार नाही असं सांगितलं. अपघात झाला की विमावाले गाडीखाली वाकून बघतात. तेव्हा लिफ्टचं बिल भरण्याआधी आरटीओत आणि विमा कंपनीत विचारून, उत्तर लेखी घ्या.

एक साधी गोष्ट लक्षात घ्या. २०२० ची थार कंपनीतूनच २२६ मिलिमीटर ग्राउंड क्लिअरन्स आणि ६५० मिलिमीटर पाण्यातून जायची क्षमता घेऊन येते. राजमाचीला वर उधेवाडीत राहणाऱ्या लोकांचं सामान आणि आजारी माणूस त्याच वाटेने जीपमधून येतो-जातो. तुमची पलटलेली किंवा तुटलेल्या शॉकअपची गाडी त्या अरुंद वाटेत आडवी पडली, तर पाऊस सुरू असताना तिच्यामागे कोण अडकलं असेल याचा अंदाज तुम्हीच करा.

पुढच्या भागात टायरमधल्या हवेबद्दल बोलू. तोपर्यंत गाडी असेल तर तिच्याखाली एकदा टॉर्च घेऊन वाका आणि शॉकअपच्या नळीवर तेलाचा ओघळ दिसतोय का बघा.